पेपर सोडू की भाच्याचं चॅनल धरू?

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ पन्नाशीच्या घरातले, वीसेक वर्षं एका दैनिकाचे तालुका वार्ताहर. पगार नाही, तुटपुंजं मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन. जोडीला थोडी कोरडवाहू जमीन आणि पत्नीचं शिलाईकाम. गेल्या खरिपात त्यांनी सोयाबीनच्या बोगस बियाण्याची बातमी पाठवली. न उगवलेल्या शेतांचे फोटो आणि कृषी कार्यालयात दिलेल्या तक्रारींच्या प्रतीही जोडल्या. बातमी लागली नाही, कारण बियाणं विकणारा दुकानदार पेपरचा जुना जाहिरातदार. तीच बातमी त्यांच्या भाच्यानं आपल्या यूट्यूब चॅनलवर सांगितली आणि दोन दिवसांत अधिकारी बांधावर आले. "मामा, पेपर कोण वाचतं आता? राजीनामा द्या, आपण दोघं मिळून चॅनल चालवू," असं भाचा म्हणतो. मात्र याच भाच्यानं सप्टेंबरच्या पुरात दुसऱ्या कुठल्या तरी पुलाचा जुना व्हिडिओ आपल्या तालुक्याचा म्हणून टाकला होता आणि तो अजून तसाच आहे. एका स्थानिक पुढाऱ्यानं चॅनलला दरमहा 'मदत' देऊ केली आहे. पत्नीचा विरोध आहे. ते विचारतात: "पेपरात राहिलो तर खरं छापून येत नाही, चॅनलवर गेलो तर खोट्यात सामील होईन असं वाटतं. या वयात काय करू?"

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र लांब आहे, आणि ते लांब आहे याचं बरं वाटलं. बातमी दीडशे शब्दांत बसवायची सवय लागलेला माणूस मोकळा होऊन लिहितो तेव्हा मधल्या ओळींत बरंच काही सापडतं.

पेपरात खरं छापून येत नाही आणि चॅनलवर खोट्यात सामील व्हावं लागतं, या दोन्ही गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात. मला दोन्हींबद्दल शंका आहे.

बियाण्याची बातमी का अडली ते तुम्हीच लिहिलंय. ती कागदावर छापायची होती म्हणून अडली नाही. त्या दुकानदाराच्या जाहिरातीवर पुरवणी निघते म्हणून अडली. संपादकांनी बातमी मारली, हे तुम्ही तीन वेळा लिहिता. ती जाहिरात आणली कुणी, हे लिहायचं राहून गेलंय. बहुधा तुम्हीच आणली असेल. हा टोमणा नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पेपर बातमीसाठी नेमतो आणि जगवतो जाहिरातीवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन, आमदारांचा वाढदिवस, झेडपी सदस्यांचा वाढदिवस, प्रत्येकाचं टार्गेट ठरलेलं. ज्याच्याविरुद्ध सकाळी लिहायचं त्याच्याच दारात दुपारी पावती पुस्तक घेऊन उभं राहायचं, ही व्यवस्था तुम्ही उभी केली नाही. पण तुमच्या घरचा किराणा तिच्यावर भरतो, तेव्हा पेपर सोडायचा विचार करताना ती लक्षात घ्यायलाच हवी.

कारण चॅनलवर गेल्यानं ती सुटत नाही.

हिशेब मांडून बघा. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचं पाहणं लागतं, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो. ऐकायला बरं वाटतं. पण तालुक्याच्या गावात नळाला अकरा दिवसांनी पाणी आलं, ही बातमी त्या गावाबाहेर बघतो कोण? नुसत्या व्ह्यूजवर घर चालवायचं तर अख्ख्या राज्यानं बघावं असं काहीतरी रोज दाखवावं लागतं, म्हणजे भांडणं, पळून गेलेली जोडपी, कुणाच्या तरी भाषणातली शिवी. मग नळाचं पाणी मागे पडतं. नाहीतर स्थानिक पुढाऱ्याचे पैसे घ्यावे लागतात, मग चॅनलवर 'भाऊंचा झंझावाती दौरा' सुरू होतो. पुरवणीतला फोटो व्हिडिओखालच्या पट्टीत येतो, एवढाच फरक.

म्हणून त्या 'मदती'बद्दल आधीच सांगते: घेऊ नका. थोडी घेऊन बघू, निवडणुकीपुरती घेऊ, असंही नको. पेपरातल्या जाहिरातीला निदान चौकट तरी असते. चौकट काढली की काय होतं ते आपल्या भागानं पाहिलंय. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला, 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाला आणि त्या चर्चेत नांदेड जिल्ह्यातला भोकर मतदारसंघ होता. ते सगळं नोंदणीकृत, जुन्या, प्रतिष्ठित पेपरांत घडलं. दरमहा पाकीट घेणाऱ्या चॅनलला तर चौकट टाकायला सांगणारंही कुणी नसतं.

आता भाच्याच्या यशाबद्दल. चॅनलवर सांगितल्यावर अधिकारी बांधावर आले, याचं श्रेय त्याला द्या. तुमच्या पेपरला जमलं नाही ते त्यानं केलं. पण त्यानं सांगितलं काय? तुम्ही शेतोशेत फिरून काढलेले फोटो आणि कार्यालयाचा आवक शिक्का असलेल्या तक्रारींच्या प्रती. अधिकारी व्ह्यूजना घाबरले असतीलही, पण शिक्का असलेल्या कागदाला 'आमच्याकडे तक्रारच नाही' असं म्हणता येत नाही. ते कागद गोळा करायची सवय तुम्हाला वीस वर्षांच्या वार्ताहरकीनं लावली, तीही 'पुरावा पाठवा' म्हणून रात्री फोन करणाऱ्या डेस्कच्या, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या उपसंपादकांच्या, जाचातून. पुलाच्या व्हिडिओमागे असा फोन करणारं कुणी नव्हतं. दोन्ही व्हिडिओंचं चॅनल एक, मोबाइल एक, पोरगाही एकच.

मला या सगळ्यात हाच मुद्दा मोठा वाटतो. बातमी कागदावर आली की काचेवर, यापेक्षा ती बाहेर पडण्याआधी 'थांब, हे कुठून आलं?' असं विचारणारं कुणी होतं का? तुम्हाला डेस्कचा राग आहे, आणि बियाण्याच्या बाबतीत तो रास्त आहे. पण त्याच डेस्कनं आजवर तुमच्या किती चुका छापण्याआधी पकडल्या, तेही आठवून पाहा. नावाचा घोळ, मृतांचा आकडा, एकाच बाजूचं ऐकून लिहिलेली भावकीची भांडणं. पेपर सोडताना तो नकार देणारा माणूसही सुटतो.

"पूर्वी पेपरला मान होता," असं तुम्ही लिहिता. होता. पण पूर्वी म्हणजे कधी, आणि कुणाच्या लेखी? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, कारण असलेल्या पेपरांत त्यांच्या माणसांना जागा नव्हती. पैसे देऊ करूनही 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. आपल्याकडे आ. कृ. वाघमारे यांनी निजामाच्या राजवटीत 'मराठवाडा' काढला. सरकार बंदी घाली आणि तो नाव बदलून पुन्हा निघे. आज ज्याला पर्यायी माध्यम म्हणतात ते तेव्हा हेच होतं. आणि त्याच 'मराठवाडा'नं, अनंत भालेरावांसारखा कणखर संपादक असताना, आणीबाणीत ज्यांनी तुरुंग भोगला असा संपादक असताना, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला, म्हणजे नामांतराला, विरोध केला. १९७८ च्या जुलैत विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. त्या वस्तीतल्या माणसानं आपली बाजू मांडायला कोणत्या पेपरकडे जायचं होतं? आज त्याच्या नातवाच्या हातात मोबाइल आहे आणि तो पेपरची वाट बघत नाही, याचं मला मनापासून बरं वाटतं. तुम्हीही त्याचा फार शोक करू नये.

वाचक गेला कधी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत असणार. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. एप्रिल २०२० मध्ये कोरोनात सरकारनं घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. सकाळी दारात पेपर पडायची पिढ्यांची सवय मोडली आणि पेपरांचे पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागले. त्यातले बरेच वाचक परत आले नाहीत. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हा लोकांच्या मोबाइलमधली दृश्यं रात्रीतून राज्यभर पोचली. सकाळच्या अंकानं लोकांना माहीत असलेलंच सांगितलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली, इंटरनेट बंद झालं, आणि जिल्ह्यातली सगळी चॅनलं एका आदेशात मुकी झाली. छापील अंक बंद पाडायला निजामालाही जास्त खटाटोप करावा लागत होता.

दुसऱ्या गृहीतकाकडे येते. चॅनल म्हणजे खोटं, असं नाही. पण तिथं खोटं स्वस्त पडतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. भाच्याचा पुलाचा व्हिडिओ त्यामानानं किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. पूल वाहून गेला असं पाहून कुणी दवाखान्याची वाट बदलली असेल, कुणी पलीकडच्या लेकीच्या काळजीनं रात्र काढली असेल. त्याहून वाईट म्हणजे उद्या एखादा शेतकरी वाहून गेलेल्या जमिनीचा खरा व्हिडिओ दाखवेल आणि पंचनाम्याला आलेला माणूस म्हणेल, असले व्हिडिओ काय, कुठलेही फिरतात.

मग करायचं काय? राजीनामा आत्ता देऊ नका. निदान सहा महिने दोन्हीकडे पाय ठेवता येतो का ते बघा. तुमच्यासारख्या बहुतेकांना नेमणुकीचं पत्रच मिळालेलं नसतं, तेव्हा 'दुसरीकडे काम करायचं नाही' अशी अट कुठं लिहिलीय, हे ब्युरो चीफना साध्या शब्दांत विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घ्या. ते स्पष्ट नाही म्हणाले तर पुढचा निर्णय लवकर घ्यावा लागेल, एवढंच.

भाच्याला होकार देण्याआधी एकच अट घाला: पुलाचा व्हिडिओ नुसता डिलीट करायचा नाही. तो दुसरीकडचा आणि जुना होता, असं सांगणारा नवा व्हिडिओ टाकायचा, स्वतःच्या तोंडानं आणि त्याच थंबनेलच्या जागी. तो तयार झाला तर पोरगा कामाचा आहे. 'मामा, त्यानं सबस्क्रायबर जातील' म्हणाला, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानंच दिलं असं समजा आणि पेपरातच राहा.

तयार झाला तर कामाची वाटणी ठरवा. तो कॅमेरा, आवाज, एडिटिंग बघेल, त्यात तुम्ही लुडबुड करू नका. थंबनेल भडक आहे म्हणून रोज वाद घालाल तर तो महिन्यात कंटाळेल. पण दुसऱ्या कुणाकडून आलेला प्रत्येक व्हिडिओ टाकण्याआधी तो कुणी, कुठं, कधी काढला, हे काढणाऱ्याशी फोनवर बोलून ठरवायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारायचं, आणि तो बोलला नाही तर विचारलं होतं हे सांगायचं. कळलं नसेल तर 'खात्री झालेली नाही' असं म्हणून टाकायचं नाही. सरळ टाकायचंच नाही. तो पडदा घेऊन अर्धी अफवा गावात पोचते.

आणि काही गोष्टी कायद्याच्या आहेत, त्या पोराला बहुधा माहीत नसतील. अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, घराचं दार दाखवलं तरी गावाला कळतं. बदनामीचं कलम ३५६ चॅनललाही लागतं. पेपरात असताना मागे वकील असतो, इथं नोटीस थेट तुमच्या घरी येईल. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, पण त्यातली व्याख्या नोंदणीकृत माध्यमसंस्था आणि त्यांत काम करणाऱ्यांभोवती फिरते. एकट्या यूट्यूबरनं त्याच्या भरवशावर वाळूच्या घाटावर रात्री कॅमेरा घेऊन जाऊ नये. (तुम्ही विचारलंयत म्हणून: गाडीवरचं 'प्रेस' पेपर सोडलात तर काढा. आत्ता काढलंत तरी काही बिघडणार नाही.)

कायद्याच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. पुढे मार्च २०२५ मध्ये त्यांच्यावरच्या अत्याचाराची छायाचित्रं बाहेर आली आणि घराघरांतल्या मोबाइलवर फिरली. त्या चित्रांनी राज्य हललं, मंत्र्यांचा राजीनामा झाला, हे खरं. पण ती चित्रं त्यांच्या घरच्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या मोबाइलवरही पोचली. अशी चित्रं हातात येतील तेव्हा काय दाखवायचं आणि काय नाही, हे तुम्ही दोघांनी आधीच बोलून ठेवा. त्या रात्री ठरवायला गेलात तर व्ह्यूज ठरवतील.

तालुक्याच्या चॅनलनं बातमी कसली द्यावी, यावर मला जास्त बोलायचंय, कारण तिथं तुमच्याशी स्पर्धा करायला कुणीच नाही. अतिवृष्टीची मदत मिळायला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला जावा लागतो. एखाद्या मंडळात नोंद ६३ वर थांबते आणि शेजारच्या मंडळात पैसे येतात. ते पर्जन्यमापक नेमकं कुठं बसवलंय, त्याच्यावर झाडाची फांदी आलीय का, नोंद कुणी पाहिली, हे मुंबईचं चॅनल कधीच सांगणार नाही आणि जिल्हा आवृत्तीत त्याला दोन इंच जागा मिळेल. तुम्ही त्यावर दहा मिनिटं बोलू शकता, आणि त्या मंडळातला प्रत्येक शेतकरी ते शेवटपर्यंत ऐकेल. पीकविम्याच्या यादीत नावं का गळली, झेडपीच्या शाळेत गणिताचा मास्तर किती महिने नाही, ग्रामसभा कागदोपत्री झाली की खरोखर. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आणि ३० दिवसांची वाट, एवढ्यावर यातलं बरंच निघतं. बुंदेलखंडातल्या बायकांनी 'खबर लहरिया' २००२ मध्ये छापील पत्र म्हणून सुरू केलं, नंतर तो सगळा पसारा मोबाइलवर नेला. हातपंप, रस्ता, रेशन हेच विषय त्यांनी दोन्हीकडे सोडले नाहीत.

पैशाचं गणित मात्र लगेच जमणार नाही, हे धरून चाला. जाहिराती घ्या, पण दरपत्रक लिहून लावा, जाहिरात आहे असं पडद्यावर स्पष्ट लिहा, आणि एकाच माणसाकडून महिन्याच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. किराणा दुकान, क्लासेस, मंगल कार्यालय असे लहान-लहान दहा जण एका मोठ्यापेक्षा बरे. एक रुसला तर नऊ उरतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द, कारण अशी पत्रं आता बऱ्याच ठिकाणांहून येतात. चॅनलवाल्याला नावं ठेवण्याआधी आपण काय पुढे ढकलतो ते बघावं. गावातल्या ग्रुपवर व्हिडिओ आला की 'हा कुठला?' एवढं विचारणारा एक जण असला तरी ग्रुपचा रंग बदलतो. आणि ज्या वार्ताहराची बातमी उपयोगी पडली त्याला फोन करून सांगावं. चुकली तेव्हाच फोन जातात.

शेवटी वहिनींबद्दल. तुम्ही त्यांचा विरोध अर्ध्या ओळीत उरकलात, कारण लिहिलंच नाही. त्यांना भीती पैशांची आहे, पुढाऱ्याची आहे, की भाच्यासमोर तुमचा शब्द चालणार नाही याची? तीन वेगळ्या भीतींची तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि ती तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाहीत. माझा अंदाज असा, की डेस्क सुटल्यावर तुम्हाला जो नकार देणारा माणूस लागेल तो तुमच्या घरातच शिलाई मशीनवर बसलेला आहे. व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना दाखवा. त्यांना कळला नाही किंवा पटला नाही तर तो दिवसभर थांबवा. भाच्याला हे आवडणार नाही, पण मामीसमोर तो किती बोलेल?

आणि राजीनामा द्यायचाच ठरला, तर त्याआधी जाहिरातींचा हिशेब पुरा करा. ज्यांची बिलं वसूल झाली नाहीत त्यांची यादी करून ब्युरोला द्या आणि त्यावर पोच घ्या, नाहीतर ती थकबाकी उद्या तुमच्याच कमिशनमधून कापली जाईल. दिवाळी पुरवणीचं कमिशन खात्यात जमा झाल्यावरच पत्र द्या.